नरसाळ्यापासून व्हॉल्व्हपर्यंत

पहाटे सव्वापाच

उठल्या उठल्या मोबाईलवर नकाशा उघडतो. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, अर्धापूर या पट्ट्यात ज्या शेतांत आम्ही यंत्रं बसवली आहेत ती त्यावर ठिपक्यांनी दिसतात. लाल ठिपका म्हणजे यंत्राचा निरोप येत नाही. त्याची मला फारशी धास्ती नसते. बॅटरी उतरली असेल, उंदरानं वायर कुरतडली असेल, रानडुकरानं खांब पाडला असेल; जाऊन बघता येतं. धास्ती असते ती ज्याचा आकडा रात्रभर जागचा हललेला नाही अशा हिरव्या ठिपक्याची. रात्री माती थंड होते, मुळं पाणी ओढत राहतात, खालची ओल वर सरकते. जित्या मातीचा आकडा पहाटेपर्यंत दशांशानं तरी बदलतोच. आज अर्धापूरची एक केळी आणि चाकूर तालुक्यातलं एक पर्जन्यमापक संशयास्पद आहेत. म्हणजे आज नांदेडपर्यंत जाणं आलं.

कामाचं स्वरूप थोडक्यात सांगतो. ठिबकच्या शेतात मातीतला ओलावा, हवेचं तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस आणि विहिरीची पातळी मोजणारे सेन्सर असतात. त्यांचे आकडे एका ॲपकडे जातात आणि ॲप पाण्याचं वेळापत्रक आपलं आपण बदलतं. काल रात्री पाऊस झाला असेल तर आजची पाळी रद्द होते, वारा आणि ऊन वाढलं तर पाळीची वेळ वाढते. ही सोय कुणाला चैन वाटत असेल तर त्यानं एप्रिल २०१६ चं लातूर आठवावं. मिरजेहून साडेतीनशे किलोमीटर रेल्वेच्या वाघिणींतून या शहराला प्यायचं पाणी आलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणींत पाच लाख लिटर होतं. धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलं होतं. त्या वर्षानंतर इथल्या माणसाला पाणी मोजून वापरण्याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. मोजमाप बरोबर आहे का, एवढंच त्याला पटवावं लागतं.

सकाळी साडेसात, चाकूर तालुका

एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामामागं हे पर्जन्यमापक आहे. मृग लागून आठवडा उलटलाय. शेजारच्या तिन्ही गावांत परवा चांगला पाऊस झाला, इथलं यंत्र मात्र साडेतीन मिलिमीटरच्या आसपास दाखवतंय. सोयाबीन कधी पेरायचं याचा सल्ला याच आकड्यावर सभासदांच्या मोबाईलवर जातो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि आमचं ॲपही तीच बेरीज धरून बसलेलं असतं.

झाकण काढलं. नरसाळ्यात कोळ्याचं जाळं, त्यात बाभळीची पानं, खाली चिमणीची विष्ठा वाळून घट्ट झालेली. भोक जवळजवळ बुजलेलं. हे यंत्र दिसायला मोठं, पण आतली करामत साधी आहे. नरसाळ्याखाली दोन खोबणींचा एक छोटा पाळणा असतो. एक खोबण भरली की पाळणा कलतो, पाणी सांडतं, दुसरी खोबण धारेखाली येते. प्रत्येक वेळी कलताना चुंबकी स्विच एक नोंद करतो. आमच्या यंत्रात एक नोंद म्हणजे ०.२ मिलिमीटर.

साफ केल्यावरही नुसत्या विश्वासावर सोडता येत नाही. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. तेव्हा ३१४ मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १० मिलिमीटर पाऊस, आणि पाळणा पन्नास वेळा कलला पाहिजे. बाटलीच्या बुचाला सुईनं भोक पाडून हे पाणी सोडायचं. वीस मिनिटं तरी लागावीत, कारण धार मोठी असली तर पाळणा कलत असताना काही पाणी मोजणीत न येताच निसटतं. हीच गत खऱ्या ढगफुटीत होते, म्हणून मुसळधार पावसात ही यंत्रं थोडी कमीच सांगतात.

मोजणी झाली ती त्रेचाळीस.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण हिशेब मांडून बघा. त्रेचाळीस नोंदी म्हणजे दहाऐवजी ८.६ मिलिमीटर. अशा यंत्रावर खरा पाऊस ७० मिलिमीटर पडला तर नोंद होईल ६० ची. आणि आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तरच अतिवृष्टी धरतात. पीक पाण्याखाली, मंडळ मात्र यादीबाहेर! २०१७ पासून महावेध प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत मिळून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, दर दहा मिनिटांनी आकडे देऊ लागली. हे फार मोठं काम झालं, यात शंका नाही. पूर्वी तालुक्याच्या ठिकाणचा पाऊस हाच सगळ्या गावांचा पाऊस होता. पण आकड्यावर जेवढं जास्त अवलंबून राहावं तेवढी नरसाळ्याची निगा वाढली पाहिजे, आणि ती आपोआप वाढत नाही. हे यंत्र खाजगी आहे म्हणून मी उघडू शकलो.

पाळण्याखालचा स्क्रू फिरवला, पुन्हा पाणी सोडलं. पन्नास जुळेपर्यंत दहा वाजायला आले. गोदामाच्या चौकीदार काकांना वहीत लिहून दिलं: दर सोमवारी झाकण काढायचं, जाळं पुसायचं, पुन्हा लावायचं. काका म्हणाले, "एवढंच काम हाय व्हय? मग आधीच सांगायचं की ओ." खरं आहे. मशीन बनवणाऱ्यांनी दिलेल्या पुस्तिकेत हे इंग्रजीत चौदाव्या पानावर होतं.

साडेअकरा, लोहा तालुका

अहमदपूर सोडून लोह्याकडं आलं की ऊर्ध्व मानार, म्हणजे लिंबोटी धरणाच्या बाजूला ऊस दिसतो. मराठवाड्याच्या पाण्यावर ऊस असावा का, हा वाद मोठा आहे, आणि माझं मत असं की इतका नसावा. पण जो उभा आहे त्याला तरी मोजून पाणी मिळावं.

इथली तक्रार वेगळीच. जानेवारीत अगदी ठणठणीत चालणारं यंत्र मे महिन्यापासून अडखळतंय. सेन्सर चांगला, बॅटरी चांगली. भानगड उसाची आहे. आमची यंत्रं ज्या बिनतारी लहरींवर निरोप पाठवतात त्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या, भारतात विनापरवाना वापरता येणाऱ्या. उघड्या रानात दोन-तीन किलोमीटर सहज जातात. पण ऊस डोक्याच्या वर गेला की पानांतलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. जानेवारीत कमरेला असलेलं पीक आता अँटेनाच्या वर गेलंय. इलाज म्हणजे लोखंडी पाइप जोडून अँटेना आणखी उंच नेणं. पाइप, क्लँप, शिडी, घाम. तासभर गेला.

तोवर पीक उपाशी राहिलं नाही, कारण मातीचा निरोप आला नाही तर ॲप हवामान केंद्राच्या आकड्यांकडे वळतं. तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांवरून दिवसभरात किती पाणी उडालं असेल ते काढायचं पेनमन-माँटीथ समीकरण आहे. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं ते जगभरासाठी प्रमाण म्हणून दिलं. त्यावरून निघणारं पाणी अंदाजाचं असतं, पण दिशा चुकत नाही. एक इंद्रिय बंद पडलं तर दुसऱ्यावर काम भागवायचं, ही शहाणीव ॲपमध्ये आधीच घालून ठेवावी लागते. नंतर सुचून उपयोग नसतो.

दीड

बांधावर लिंबाखाली ज्वारीची भाकरी, ठेचा, दही. खाता खाता फेज गेला. थ्री-फेजचं वेळापत्रक आठवड्यागणिक बदलतं, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. ॲपला "आता पाणी दे" असं मातीनं सांगितलं तरी मोटार चालू व्हायला वीज लागते. म्हणून स्टार्टरपाशीही एक सेन्सर असतो, तिन्ही फेज आहेत का आणि दाब पुरेसा आहे का ते बघणारा. रात्रीची वीज असेल तर ॲप पाळी रात्रीवर ढकलतं, आणि शेतकरी अंधारात विंचू-सापाच्या वाटेनं मोटार चालू करायला जात नाही. मला विचाराल तर या सगळ्या तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. पाण्याची बचत त्यानंतर.

तीन, अर्धापूर

केळीच्या बागेत शिरल्या शिरल्या बागमालक मामांनी पाय उचलून दाखवला. बूट चिखलानं भरलेला. "बघा हो. दोन दिसापासून तुमचं मशीन वॉल उघडायलंय. माती कोरडी हाय म्हणायलंय, अन् इथं पाय रुतायलाय."

उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. पण आता आभाळ येऊन-जाऊन आहे, हवेत दमटपणा आहे, गरज निम्म्यावर आली असणार. वरच्या सेन्सरचा आकडा मात्र अकरा टक्क्यांवर चिकटून बसलाय. भारी काळ्या जमिनीत वीस-बावीसच्या खाली ओल गेली तर पीक माना टाकतं. केळी तर टवटवीत उभी आहे. म्हणजे अकरा खोटं.

मी हातानं माती बाजूला केली. ठिबकच्या ओल्या पट्ट्याच्या कडेला, जिथं ओली आणि कोरडी माती भेटते, तिथं बोट जाईल एवढी भेग. आणि सेन्सरची एक सळई बरोबर त्या भेगेत लोंबकळत होती. काळी माती वाळली की आकसते, भिजली की फुगते. गोदाकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला हे पाठ आहे. सेन्सर बनवणाऱ्याला ते पाठ असेलच असं नाही. हा सेन्सर ओलावा थेट मोजत नाही. विजेच्या क्षेत्राला आजूबाजूचा पदार्थ किती दाद देतो ते मोजतो. पाण्यासाठी तो अंक ८० च्या घरात, कोरड्या मातीसाठी तीन-चार, हवेसाठी एक. सळईभोवती मातीऐवजी हवा आली की सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, इथं पाणी नाही. ॲप त्याच्यावर विश्वास ठेवून व्हॉल्व्ह उघडतं. पाणी दिलं तरी भेगेतली हवा हवाच राहते, आकडा वाढत नाही, पुन्हा व्हॉल्व्ह उघडतो. यात कुठलाच भाग बिघडलेला नाही, आणि तरी बाग बुडते आहे.

मामांनी बाजारातला अनुभव काढला. "तुमचं मशीन आडतीवरच्या हवेच्या मशीनसारखंच दिसायलंय." सोयाबीन विकायला नेलं की दाण्यातली हवा, म्हणजे ओलावा, मोजतात. हमीभावाच्या खरेदीला मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरात पावसानं भिजलेल्या मालामुळं ती केंद्रानं १५ पर्यंत सैल केली. एकाच पोत्यातला दाणा दोन मशीनवर दोन आकडे दाखवतो, हे या भागातल्या शेतकऱ्यानं डोळ्यांनी पाहिलंय. त्याचा अविश्वास अडाणीपणातून आलेला नाही. तो मोजमापाचा अनुभव घेऊन बसलाय. म्हणून मी मामांच्या समोरच काम करतो, आणि प्रत्येक पायरी त्यांना दाखवतो.

सेन्सर उपटला. झाडापासून फूटभर, ड्रिपरच्या ओल्या घेऱ्याच्या आत, नवी जागा धरली. त्याच खड्ड्यातली माती पाण्यात कालवून दाट राबडी केली, ती भोकात ओतली आणि सळया तीत दाबून बसवल्या, म्हणजे हवेला जागा उरत नाही. एक सेन्सर वीस सेंटिमीटरवर, दुसरा चाळीसवर. वरचा कोरडा आणि खालचा ओला असेल तर मुळांना अजून पाणी आहे. दोन्ही ओले आणि खालचा वाढतच चालला असेल तर पाणी मुळांच्या खाली वाहून चाललंय आणि सोबत खतही. एकट्या सेन्सरवर पाणी सोडणारं ॲप मी तरी शेतात ठेवणार नाही.

मग लॅपटॉप काढून नियम घातला: व्हॉल्व्ह उघडल्यावर दोन तासांत वरच्या सेन्सरचा आकडा जराही हलला नाही, तर सेन्सरवर संशय घ्यायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मामांना मराठीत निरोप पाठवायचा. "बागेत जाऊन माती हातात घेऊन बघा." मामांनी तो निरोप दोनदा वाचून घेतला. मातीचा गोळा होतो की भुगा होतो, हे त्यांच्या बोटांना सेन्सरपेक्षा आधी कळतं. त्यांच्या बोटांचा अंदाज ॲपमध्ये भरायला एक बटण ठेवलंय: कोरडं, वाफसा, चिखल. भोवतालाप्रमाणं बदलणाऱ्या यंत्राला भोवतालातल्या माणसाचंही ऐकता आलं पाहिजे.

जाण्याआधी दोन्ही खोलींवरची माती डब्यात भरून घेतली.

पावणेपाच

उत्तरेकडं आभाळ काळंकुट्ट. खिशातला फोन वाजला, दामिनी ॲप. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं देशभर सेन्सरचं जाळं उभारलंय. वीज चमकली की तिच्या रेडिओलहरी वेगवेगळ्या केंद्रांना क्षणाच्या फरकानं पोचतात, त्या फरकावरून वीज कुठं पडली ते काढतात. फोन आपली जागा ओळखतो आणि वीस, चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात काय चाललंय ते सांगतो. मराठवाड्यात मृगाच्या पावसात झाडाखाली थांबलेली माणसं, दावणीची जनावरं दरवर्षी जातात. मी लोखंडी खांबावर काम करणारा माणूस. ॲप वाजलं की हातातला पाना खाली ठेवून गाडीत बसायचं, हा नियम मी मोडत नाही. मामांनाही गाडीत बसवलं.

सात, विष्णुपुरी

पाऊस ओसरल्यावर नांदेड. विष्णुपुरीला श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे, १९८१ पासूनची. तिथल्या काही पोरांनी ओढ्याची पातळी मोजायचं यंत्र बनवलंय आणि मला बघायला बोलावलं होतं. ध्वनिलहर पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर. मी एकच विचारलं: हवेचं तापमान धरलंय का? वीस अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, चाळीस अंशांना ३५५. पुलावरून पाणी दहा मीटर खाली असेल तर नांदेडच्या उन्हात एवढ्यानंच तीस-पस्तीस सेंटिमीटरची चूक. एका पोरीनं लगेच वहीत लिहून घेतलं आणि तापमानाचा सेन्सर कुठं बसवायचा, सावलीत की उन्हात, असा प्रश्न विचारला. फार बरं वाटलं. सावलीत, पण हवा खेळती असेल तिथं.

नांदेडच्या जुन्या पुलावर गोदावरीची इशारा पातळी ३५१ मीटर आहे, धोका पातळी ३५४. मधल्या तीन मीटरांत शहराला हालचाल करायची असते. मोठ्या नदीवर लक्ष असतं, विष्णुपुरी धरणाच्या दरवाजांची बातमी लगेच पसरते. लहान ओढे, उपनद्या मात्र मुक्या असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात मुक्रमाबादच्या बाजूला एका रात्रीत दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. लेंडी नदीचं पाणी रावणगाव, हसनाळ या गावांत घुसलं, माणसं दगावली, बचावासाठी लष्कर आणावं लागलं. अशा रात्री दर दहा मिनिटांनी पातळी सांगणारं आणि पातळी झपाट्यानं चढू लागली की आपण होऊन दर मिनिटाला सांगू लागणारं यंत्र गावाच्या वर पाच-सात किलोमीटरवर असेल, तर झोपलेल्या घरांना उठवायला वेळ मिळतो. पोरांचं यंत्र तेच करू पाहतंय. त्यांना पैसे मिळावेत, पूल मिळावा आणि कुणीतरी वर्षभर त्या यंत्राची काळजी घ्यावी.

रात्री साडेअकरा, लातूर

घरी आल्यावर शेवटचं काम. डब्यांतली माती तोलून भट्टीत ठेवली, १०५ अंशांवर, चोवीस तास. कालच्या मातीचे डबे बाहेर काढले. ओली १४२ ग्रॅम होती, वाळून १०८ झाली. चौतीस ग्रॅम पाणी, म्हणजे कोरड्या मातीच्या वजनाच्या साधारण ३१ टक्के. त्याला मातीच्या घनतेनं गुणलं की सेन्सरच्या आकड्याशी ताडता येतं. त्या शेतातला सेन्सर चार टक्क्यांनी कमी सांगत होता. कंपनीनं त्याचं प्रमाण हलक्या जमिनीवर ठरवलेलं असणार. दुरुस्तीचा गुणक ॲपमध्ये भरला. उद्यापासून त्या शेतातला व्हॉल्व्ह उशिरा उघडेल. सेन्सर घेतल्यावर आपल्या शेतातल्या मातीवर त्याचं प्रमाण ठरवून घ्यायला हा एवढाच खटाटोप लागतो, आणि तो करून देणारा माणूस विकणाऱ्याकडं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

वाचणाऱ्यांत कुणी सरपंच, ग्रामसेवक, शेतकरी गटाचे अध्यक्ष असतील, तर त्यांना दोन गोष्टींची विनंती करतो. यंत्राच्या खरेदीचा ठराव कराल तेव्हा त्याच ठरावात पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा. आणि गावात मापाच्या खुणा असलेलं एक साधं हाती पर्जन्यमापक मोकळ्या जागी ठेवा, रोज सकाळी साडेआठला वाचा, वहीत लिहा. मंडळाच्या यंत्राचा आकडा आणि तुमच्या वहीतला आकडा जुळत नसेल, तर दोन्ही तारखेसह लिहून तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या.